पालीच्या वाटेवरची निशाणे

बीड शहरातून सोलापूरच्या दिशेने निघालेला हमरस्ता बालाघाटाच्या डोंगररांगेला भिडण्यापूर्वी ज्या गावावरून जातो त्या गावाचे नाव पाली. महाराष्ट्रात पाली हे नाव उच्चारताच वाचकाचे मन रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराकडे धाव घेते. परंतु ही पाली त्याहून निराळी, मराठवाड्याच्या कोरड्या पठारावरची, आणि तिचे वैभव देवालयाचे नसून पाण्याचे आहे. बालाघाटात उगम पावलेली आणि पुढे बीड शहराच्या मधून वाहत सिंदफणेला मिळणारी बिंदुसरा नदी याच गावाजवळ अडवलेली आहे, आणि ज्या वर्षी पर्जन्य कृपा करतो त्या वर्षी हा जलाशय भाद्रपदात काठोकाठ भरून, डोंगराच्या हिरव्या उतारांना आपल्या पोटात घेऊन, दुष्काळाच्या सर्व कथा क्षणभर विसरायला लावतो.

अतिरेकी राजकीय चळवळींनी वापरलेल्या चिन्हांचा इतिहास हा माझ्या दीर्घकाळच्या अभ्यासाचा विषय आहे. ग्रंथांतून तो वाचताना एक उणीव सतत जाणवत असे: निशाण, मुद्रा, बिल्ला या वस्तू पुस्तकाच्या पानावर निर्जीव होतात, आणि ज्या माणसांच्या अंगणावरून, दंडावरून वा छातीवरून त्या गेल्या त्यांचा संबंध तुटतो. जेथे अशा एका चळवळीचा अंमल लोकांनी प्रत्यक्ष सोसला आणि जेथे प्राचीन चिन्हे अजून नित्याच्या व्यवहारात आहेत असा मुलूख पाहावा, या हेतूने मराठवाडा मुक्तिदिनी, सतरा सप्टेंबरला, मी पालीला आलो.

गावात शिरलो तेव्हा सकाळ नुकतीच वर आली होती. एका सारवलेल्या अंगणात एक वृद्ध स्त्री रांगोळी घालीत होती. शिरगोळ्याची पूड चिमटीत धरून तिने आधी एक उभी रेघ ओढली, तिला छेदणारी आडवी ओढली, मग चारही टोके उजवीकडे वळवली, आणि शेवटी चार घरांत चार ठिपके देऊन प्रत्येकावर हळदीकुंकवाचे बोट टेकवले. सबंध कृतीला अर्धे मिनिटही लागले नसेल.

“आजी, हे ठिपके कशाचे?” मी विचारले.

“सासूनं शिकिवलं तसं काढते बाबा,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “ठिपक्याबिगर सातीया पुरा होत नाही, एवढं ठावं हाय.”

या उत्तरात सातीयाच्या, म्हणजे स्वस्तिकाच्या, सहस्रावधी वर्षांच्या आयुष्याचे मर्म आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर स्वस्तिक आहे. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या उपासकांनी कोरविलेल्या लेखांच्या आरंभी वा अखेरीस ते आहे. जैन परंपरेत ते सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे लांछन असून त्याच्या चार भुजा जीवाच्या चार गती सूचित करतात. आणि आमच्या पेठांतील व्यापारी दिवाळीला नवी वही उघडतो तेव्हा जमाखर्चाच्या पहिल्या आकड्याआधी तेच चिन्ह कुंकवाने रेखाटतो. बौद्ध, जैन, वैदिक, लौकिक अशा अनेक हातांतून ते फिरले. कोणी त्याला सूर्य म्हटले, कोणी चार दिशा, कोणी केवळ शुभ. आणि या सर्व अर्थांत एकही असा नव्हता की जो मानला नाही म्हणून कोणाला शासन झाले.

अशा चिन्हाच्या वाट्याला युरोपात जे आले ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७१ मध्ये हाइनरिख श्लीमान या जर्मन संशोधकाने प्राचीन ट्रॉयचे उत्खनन आरंभले आणि तेथील मृत्तिकेच्या वस्तूंवर त्याला हेच चिन्ह आढळले. मॅक्स म्युलरसारख्या संस्कृत पंडिताने त्याला सावध केले होते की, भारताबाहेर सापडलेल्या चिन्हाला भारतीय नाव देऊ नये, कारण नावाबरोबर इतिहासही चिकटतो. तो इशारा विरून गेला. आर्य नावाचा एक वंश होता, तो श्रेष्ठ होता, आणि हे चिन्ह त्याने जेथे जेथे पाऊल टाकले तेथील खूण होय, ही कल्पना जर्मनीतील वंशाभिमानी मंडळांत रुजली. त्याच काळात उर्वरित पाश्चात्त्य जगात मात्र ते निरुपद्रवी शुभचिन्ह म्हणून नांदत होते. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकांवर गजमुखासह स्वस्तिकाची मुद्रा छापली जात असे. जर्मनीतील नव्या सत्तेचे स्वरूप स्पष्ट झाल्यावर त्यानेच ती काढून टाकवली.

नाझी पक्षाने १९२० मध्ये आपले निशाण निश्चित केले: लाल भूमी, मध्ये पांढरे वर्तुळ आणि त्यात तिरका, काळा, वाकड्या टोकांचा क्रूस. काळा, पांढरा आणि लाल हे रंग जुन्या जर्मन साम्राज्याच्या ध्वजातून घेतले होते, चिन्ह वंशाभिमान्यांच्या मंडळांतून, आणि हात पुढे करून करावयाच्या अभिवादनाची रीत इटलीतील फॅसिस्टांकडून. स्वतः त्या इटालियन पक्षाचे नावही, प्राचीन रोमच्या अधिकाऱ्यांपुढे चालणारे सेवक कुऱ्हाडीसह बांधलेल्या काठ्यांची जी जुडी वाहत, तिच्याशी जोडलेले होते. या सर्व सामग्रीत नवे असे काहीही नव्हते. अतिरेकी चळवळ चिन्हे निर्माण करीत नाही. लोकांच्या मनात ज्यांना आधीच माया वा दरारा आहे अशी चिन्हे ती ताब्यात घेते, कारण माया आणि दरारा एका पिढीत उत्पन्न करता येत नाहीत.

ताबा पुरा झाला म्हणजे काय होते ते १५ सप्टेंबर १९३५ या एका दिवसाच्या कायद्यांतून दिसते. न्यूरेंबर्ग येथे त्या दिवशी स्वस्तिकाचे निशाण जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरले, आणि त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या कायद्यातील एका कलमाने ज्यू लोकांना तो ध्वज उभारण्याची मनाई केली. एकाने निशाणापुढे हात उंचावलाच पाहिजे आणि दुसऱ्याने त्याला हातही लावता कामा नये, ही दोन्ही फर्माने एकाच दप्तरातून निघाली होती. सक्ती आणि बहिष्कार ही अतिरेकी निशाणाची दोन टोके होत.

त्या सत्तेपासून जीव वाचवून युरोपातून निघालेल्यांपैकी काही ज्यू निर्वासित मुंबई बंदरात उतरले. प्रागहून १९३४ मध्ये आलेला संगीतकार वॉल्टर कॉफमन हा त्यांतला एक; आकाशवाणीची जी ओळखधून पुढे कित्येक दशके भारतातील घराघरांत सकाळ उजाडवीत राहिली, तिच्या रचनेचे श्रेय त्याला दिले जाते. ज्या खुणेच्या धाकाने घरदार सोडले तीच खूण गिरगावातल्या दाराच्या चौकटीवर, दुकानाच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेवर पाहून या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण आदराने करावी. पण याच मुंबईत आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावर मराठी बोलणारे बेने इस्राएल शतकानुशतके राहत आले होते. शनिवारी तेल्याचा घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या प्रार्थनालयात षट्कोनी तारा होता, शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर स्वस्तिक होते, आणि एका चिन्हाने दुसऱ्याला कधी घराबाहेर काढले नव्हते. आकृती दोन्हीकडे जवळपास तीच असताना एकीकडे शेजार आणि दुसरीकडे संहार, हा भेद आकृतीतून निघत नाही. तो शोधावयाचा तर चिन्हापुढे उभ्या असलेल्या माणसाला नकाराची मोकळीक होती की नाही, हे पाहावे लागते.

हा विचार मनात घेऊन मी गावातील शाळेच्या पटांगणाकडे वळलो, कारण तेथे मुक्तिदिनाचे ध्वजवंदन होते. मुले रांगेत उभी होती, ओल्या मातीत अनवाणी पायांचे ठसे उमटत होते, आणि कुंपणाच्या पलीकडून एक बाई शेळ्यांचा कळप हाकीत आपल्या वाटेने चालली होती. राष्ट्रगीताला आरंभ झाला तशी ती थबकली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गीत संपताच पुन्हा चालू लागली. तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तिने थांबावे म्हणून कोणी हटकले नव्हते.

आजची ही शाळा ज्या भूमीवर आहे तेथे १९४८ पर्यंत तिरंगा उभारणे हा गुन्हा होता. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानचा जिल्हा. कलेक्टरला येथे अव्वल तालुकदार म्हणत, कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि कचेरीवर आसफजाही निशाण असे, पिवळ्या भूमीवर मधोमध पांढरे वर्तुळ असलेले. त्या वर्तुळाची आख्यायिका याच मराठवाड्यातील आहे. घराण्याचा मूळ पुरुष मीर कमरुद्दीन औरंगाबादचे सूफी संत निजामुद्दीन यांच्या दर्शनास गेला असता त्यांनी त्याला कुलचे खावयास दिले, त्याने सात खाल्ले, आणि संतांनी सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद दिला, असे सांगतात. निशाणातील वर्तुळ हे त्या कुलच्याचे. भुकेल्या पाहुण्याला साधूने घातलेल्या भाकरीचे चिन्ह राज्याच्या ध्वजावर असावे, यात अमंगल असे काही नाही. आणि सातव्या पिढीचा मीर उस्मान अली गादीवर आल्यावरही बराच काळ त्या निशाणाखाली मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी प्रजा सुखदुःखाने नांदतही होती.

ते निशाण भयाचे झाले ते रझाकारांच्या काळात. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने पुढे असा सिद्धांत मांडला की, संस्थानातील सार्वभौमत्व एकट्या निजामाचे नसून मुसलमान समाजाचे आहे आणि निजाम हा त्याचे प्रतीक होय. या एका वाक्याने राज्यातील बहुसंख्य प्रजा स्वतःच्या घरात परकी ठरली. १९४६ मध्ये लातूरचा वकील कासीम रझवी संघटनेचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांचे सशस्त्र दळ वाढीस लागले. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवू अशी त्याची गर्जना होती. चिन्हाच्या इतिहासात हा टप्पा नेहमी येतो: निशाण आपल्या मुलखाचे राहत नाही, ते दुसऱ्याच्या मुलखावर रोवण्याची वस्तू होते. त्यानंतर गावागावांत जे झाले, ती लूट, जाळपोळ आणि सरहद्द ओलांडून नगर व सोलापूर जिल्ह्यांत आश्रयाला गेलेली कुटुंबे, त्याच्या आठवणी मराठवाड्यातल्या जुन्या घरांत आजही सांगितल्या जातात.

प्रतिकारही चिन्हांनीच झाला. १९३८ च्या अखेरीस संस्थानातील विद्यार्थी वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली. ती न जुमानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले; त्याला न जुमानता लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा उभारला आणि ते कैदेत गेले. खेड्यापाड्यांत लोकांनी आबकारीचे उत्पन्न देणारी शिंदीची झाडे तोडली आणि करोडगिरीची नाकी जाळली. ज्या कापडाच्या तुकड्यासाठी शिक्षा होते त्याची किंमत, ज्याला ते विनासायास मिळाले त्याला कळणे कठीण.

या लढ्याला धर्माधर्मातील युद्ध समजण्याची चूक कोणी करू नये. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी भर रस्त्यात त्यांचा खून केला. आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची फौज शरण आल्यानंतर मराठवाड्यात व आसपासच्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, तोही विसरता येत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याचा अहवाल सरकारला दिला. संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असा तिचा अंदाज होता, आणि हा अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. मुक्तीचे निशाण हाती असलेल्यानेही शेजाऱ्याला त्याच्या नावावरून ओळखून घराबाहेर ओढले, तर त्या घटकेपुरते ते निशाण त्याने रझाकाराच्या हाती दिले, असेच म्हणावे लागेल. तिरंग्यावर ज्याचे प्रेम आहे त्याने हे मोठ्याने म्हणावे.

मग निशाणाची परीक्षा कशी करावी? एका लहानशा ख्रिस्ती पंथाच्या तीन देशांतील अनुभवाने मला याचे उत्तर दिले. यहोवाचे साक्षीदार या नावाने ओळखले जाणारे हे लोक ईश्वराखेरीज कोणालाही वंदन करीत नाहीत. जर्मनीत त्यांनी हिटलरच्या नावाने हात उंचावण्यास नकार दिला. त्यांना छळछावण्यांत कोंडून त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवला गेला. अमेरिकेत त्यांच्या मुलांनी शाळेत ध्वजाला अभिवादन केले नाही म्हणून ती काढली गेली, पण १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी सक्ती घटनाबाह्य ठरवली. आणि भारतात, केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत परंतु म्हणत नसत, एवढ्यावरून शाळेने त्यांची नावे काढली, तेव्हा १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. त्या निकालाने राष्ट्रगीताचा मान उणा झाला नाही. माझ्या मते तो वाढला.

पालीहून पुढे रस्ता घाट चढून मांजरसुंब्याकडे जातो. दोन्ही अंगांना सीताफळीची झाडे दाटलेली, फळांचे डोळे नुकते उघडू लागलेले, आणि मागे वळून पाहिले तर तलावाचे पाणी उन्हात पसरलेले दिसते. आषाढी वारीसाठी मुक्ताबाईची पालखी खानदेशातून बीडमार्गे पंढरीला जाते तेव्हा हा मुलूख भगव्या पताकांनी भरून जातो. पताका हेही निशाणच, आणि लढायांतून वावरलेल्या रंगाचे. परंतु दिंडीत ती खांद्यावर घेणाऱ्याला कोणी त्याचा वंशवृक्ष विचारीत नाही आणि न घेणाऱ्याला कोणी अडवीत नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून जो नुसता पाहतो त्यालाही वारकरी माउली म्हणूनच हाक मारतो.

मांजरसुंब्याजवळ डोंगरात कपिलधार आहे. पावसाळ्यात येथे कड्यावरून धबधबा कोसळतो आणि त्याच्या सान्निध्यात वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते. समाधीपुढे बसलेल्या भक्तांच्या गळ्यात इष्टलिंग होते. एका वयस्क गृहस्थांनी ते तळहातावर घेऊन पूजिले आणि पुन्हा वस्त्राआड सांभाळून ठेवले. आपण होऊन अंगावर वागवलेल्या या खुणेकडे पाहताना मला तिच्या अगदी विरुद्ध टोकाची खूण आठवली. १ सप्टेंबर १९४१ च्या आज्ञेने जर्मनीत सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला छातीवर पिवळा तारा शिवणे सक्तीचे झाले. जो तारा त्यांच्या प्रार्थनास्थळाचे भूषण होता तोच त्यांना हुडकून काढण्याचे साधन बनला. अतिरेकी चळवळ स्वतःच्या दंडावर एक चिन्ह बांधते आणि तेवढ्यावर न थांबता दुसऱ्याच्या छातीवर दुसरे शिवते. पहिल्याच्या झगमगाटात दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, पण चळवळीचा खरा हेतू या दुसऱ्या चिन्हात लिहिलेला असतो.

असा शिक्का नेहमी कापडाचाच असतो असेही नाही. परतताना पालीजवळच्या इन्फंट इंडिया या संस्थेवरून आलो. एचआयव्हीसह जगणाऱ्या, आणि म्हणून गावाने व कित्येकदा नातलगांनी दूर लोटलेल्या मुलांना तिने घर दिले आहे. राजकारणाचा तेथे संबंध नाही. परंतु माणसावर न दिसणारी खूण मारून त्याला पंगतीतून उठवण्याची वृत्ती तीच, आणि सत्तेच्या हाती ती सापडली की पुढचे सर्व सोपे होते.

जर्मनीत आज नाझी चिन्हांच्या प्रदर्शनास फौजदारी कायद्याने बंदी आहे, आणि त्या देशाने जे केले व भोगले ते पाहता ती योग्यच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हिंदू, बौद्ध व जैनांचे स्वस्तिक आणि नाझींचा वाकड्या टोकांचा क्रूस यांत भेद मान्य केला, तोही न्याय्य होय. परंतु या मान्यतेबरोबर एक कर्तव्य आपल्याकडेही येते. आपल्या उंबऱ्यावरचे चिन्ह निष्कलंक आहे एवढे सांगून भागत नाही. त्याच्याच आकाराखाली लक्षावधींचा संहार झाला हे आपल्या मुलांनी जाणले पाहिजे, आणि त्या चिन्हाने ज्याच्या अंगावर काटा येतो अशा पाहुण्यासमोर त्यांनी रागावू नये, तर शांतपणे अर्थ सांगावा. मराठवाड्याच्या शाळांत मुक्तिदिनाच्या दिवशी रझाकारांच्या जुलमाबरोबर शोएबउल्ला खानांचे बलिदान आणि सुंदरलाल समितीचा अहवालही सांगितला जावा. निशाणे उद्याही उभी राहतील, नव्या रंगांची आणि नव्या घोषणांची. त्यांच्यापुढे जाताना आपण इतकेच पाहावे की, वंदन करणाऱ्याइतकाच वंदन न करणाराही येथून सुखरूप घरी जाऊ शकतो काय. जेथे जाऊ शकतो तेथले निशाण आपले मानावे. जेथे जाऊ शकत नाही तेथे, चिन्ह कितीही प्राचीन, कितीही प्रिय आणि कितीही आपले असो, हात खाली ठेवून उभे राहण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे.